एमएस: लिजन व्हॉल्यूम आणि एसडीएमटीचा ताळमेळ का लागत नाही?

निरीक्षा_७

नमस्कार मंडळी. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस, मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण बिघडवणारा आजार) साधारण साठ रुग्णांचा डेटा हाताशी आहे. बहुतेक रिलॅप्सिंग-रेमिटिंग (अधूनमधून उफाळणारा प्रकार), थोडे सेकंडरी प्रोग्रेसिव्ह (नंतर सतत वाढत जाणारा). सगळे स्कॅन एकाच ३ टेस्ला मशीनवर झालेत: ३डी फ्लेअर (लिजन पांढरे दाखवणारा) आणि एमपीरेज टी-१ (मेंदूची रचना दाखवणारा), दोन्ही १ मिमी, शिवाय डीटीआय (पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची स्थिती दाखवणारा), ३२ दिशा, बी-मूल्य १०००, पण फेज एन्कोडिंग एकाच दिशेने, म्हणजे विकृती दुरुस्त करायला उलट दिशेचा स्कॅन नाही. डीआयआर (कॉर्टेक्समधले लिजन जरा बरे दाखवणारा स्कॅन) घेतलेला नाही. तोंडी एसडीएमटी (चिन्हांना अंक जुळवायची वेगाची चाचणी) प्रत्येकाची झालीये.

लिजन, म्हणजे स्कॅनवर दिसणारे आजाराचे ठिपके, एलएसटी या सॉफ्टवेअरच्या एलपीए पद्धतीने आपोआप काढले. लिजन व्हॉल्यूम आणि एसडीएमटीचा सहसंबंध जेमतेम उणे ०.२ येतोय. यापेक्षा बराच जास्त यायला हवा होता असं वाटतं. पाणी नेमकं कुठे मुरतंय: सेगमेंटेशनमध्ये, चाचणीत, की माझ्या अपेक्षेत? आणि नवीन स्कॅन न करता याच डेटातून आणखी काय काढणं फायद्याचं ठरेल? डीटीआय वाचवता येईल का?

टेस्ला_तीन

आधी अपेक्षेचं बघू. फ्लेअरवर दिसणारा एकूण ठिपक्यांचा पसारा आणि रुग्णाची प्रत्यक्ष अवस्था यांचं जमत नाही, हे इतकं जुनं दुखणं आहे की त्याला 'क्लिनिको-रेडिओलॉजिकल पॅराडॉक्स' असं नावच पडलंय. बारखॉफ यांचा त्यावरचा लेख २००२ चा. तेव्हा उणे ०.२ आला म्हणजे काहीतरी बिघडलंच आहे असं नाही.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे काय मोजायचं ते आपोआप सुचेल. फ्लेअरवर सूज, मायलिन (मज्जातंतूचं आवरण) गेलेला भाग, मायलिन अर्धवट परत चढलेला भाग आणि अ‍ॅक्सॉनच (खुद्द तंतू) तुटून पडलेला भाग, सगळं सारखंच पांढरं दिसतं. १० मिलिलिटर लिजन असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाचे अ‍ॅक्सॉन बऱ्यापैकी शाबूत असतील आणि दुसऱ्याचे 'ब्लॅक होल' झालेले असतील. तुमच्या आकड्यात दोघं सारखेच. दुसरं म्हणजे जागा. एकूण व्हॉल्यूमला जागा कळत नाही. तिसरं, कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) लिजन फ्लेअरवर जवळजवळ दिसतच नाहीत: तिथे मायलिन मुळात कमी, दाह कमी, आणि शेजारच्या सीएसएफमुळे (मेंदूभोवतीचा द्रव) कॉन्ट्रास्टची वाट लागलेली. डीआयआर नाही म्हणून फार हळहळू नका. त्यातही सबपियल (कॉर्टेक्सच्या अगदी वरच्या पृष्ठभागाचे) लिजन बहुतेक निसटतातच.

आता मास्क, म्हणजे लिजन म्हणून खूण केलेला भाग. एलपीए संभाव्यतेचा नकाशा देतो, त्यावर साधारणपणे ०.५ ची मर्यादा लावतात. व्हॉल्यूमचा आकडा घेऊन पुढे जाऊ नका. प्रत्येक रुग्णाचा मास्क फ्लेअरवर टाकून तिन्ही दिशांनी डोळ्यांखालून घाला. खोटे ठिपके ठरावीक जागी मिळतात: लॅटरल व्हेंट्रिकलच्या पुढच्या-मागच्या टोकांवरच्या टोप्या, सेप्टम पेल्युसिडम, इन्सुला आणि सिंग्युलेटचा स्वभावतःच थोडा उजळ कॉर्टेक्स, आणि ब्रेनस्टेमच्या आजूबाजूला सीएसएफच्या प्रवाहाने आलेला उजेड. ते पुसा. उलट पोस्टीरियर फोसामधले खरे लिजन फ्लेअरवर फिके दिसून सुटतात. पन्नाशीच्या पुढच्या रुग्णांत रक्तवाहिन्यांच्या आजाराचे ठिपकेही मिसळतात, हे वेगळंच.

तुमच्या डेटातली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते एमपीरेज आहे. त्यातून थॅलॅमसचं (मेंदूच्या मधोमधचं ग्रे मॅटरचं केंद्र) व्हॉल्यूम काढा. एमएसमध्ये बोधनिक क्षमतेशी सातत्याने आणि ठळकपणे जोडला जाणारा आकडा हाच. कारणही सरळ आहे: कॉर्टेक्सकडे जाणारे-येणारे मार्ग इथे एकवटतात, त्यामुळे व्हाइट मॅटरमध्ये कुठेही मार्ग तुटला की त्याची झळ इथपर्यंत पोचते. पेठेच्या नाक्यावरून जशी गावभरच्या रस्त्यांची स्थिती कळते, तसा प्रकार. शिवाय थॅलॅमस आजाराच्या सुरुवातीपासूनच आक्रसायला लागतो.

क्रम असा ठेवा. फ्लेअर टी-१ वर रिजिड पद्धतीने, म्हणजे सहा डिग्री ऑफ फ्रीडमने बसवा. दुरुस्त केलेला लिजन मास्क त्याच ट्रान्सफॉर्मने टी-१ वर आणा. इंटरपोलेशन निअरेस्ट नेबर ठेवा, किंवा लिनिअर घेऊन पुन्हा ०.५ वर कापा. नाहीतर कडांवर अपूर्णांक राहतात आणि मास्क फुगतो. मग लिजन फिलिंग, म्हणजे लिजनच्या जागी निरोगी व्हाइट मॅटरची छटा भरणं. ही पायरी गाळली की टी-१ वर काळपट दिसणारे लिजन ग्रे मॅटर म्हणून मोजले जातात, आणि जास्त लिजन असलेल्या रुग्णाचं ग्रे मॅटर चक्क वाढलेलं दिसतं. एफएसएल या सॉफ्टवेअरचं फिलिंग वापरणार असाल तर व्हाइट मॅटरचा मास्क सोबत द्याच. न दिल्यास व्हेंट्रिकलला चिकटलेल्या लिजनमध्ये सीएसएफची काळी छटा भरली जाते. फिलिंग झाल्यावर फर्स्ट किंवा फ्रीसर्फर (मेंदूच्या भागांचं व्हॉल्यूम काढणारी सॉफ्टवेअर), दोन्हींपैकी एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

नंतर पुन्हा डोळ्यांनी तपासणी. थॅलॅमसची आतली कड सीएसएफला लागून असल्याने स्वच्छ दिसते. घोळ बाहेरच्या कडेला होतो: इंटर्नल कॅप्सूल आणि थॅलॅमस यांत टी-१ वर कॉन्ट्रास्ट कमी, त्यामुळे सीमा कॅप्सूलमध्ये दोन-तीन व्हॉक्सेल घुसते. तिसरं व्हेंट्रिकल फार रुंदावलेलं असेल तर मॉडेल आतल्या बाजूलाही चुकतं. असे रुग्ण वेगळे काढून हाताने दुरुस्त करा. वेळ नसेल तर तिसऱ्या व्हेंट्रिकलची रुंदी तरी अ‍ॅक्सियल कापावर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकटात बरंच सांगून जातं.

कागदपेन्सिल

इमेजिंगवाले नेहमी इमेजिंग तपासतात. मी चाचणीबद्दल बोलतो, कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो.

एसडीएमटी दिसायला सोपी. कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हं आणि त्यांचे १ ते ९ अंक, खाली चिन्हांच्या ओळी. पहिले १० सरावाचे, ते मोजायचे नाहीत. सराव संपल्यावरच घड्याळ सुरू. ९० सेकंद, जास्तीत जास्त ११० गुण. डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता. गुण म्हणजे फक्त बरोबर उत्तरं. चुका वेगळ्या लिहून ठेवा. प्रत्यक्षात बिघडतं ते असं: परीक्षक सराव नीट घेत नाही, रुग्ण एक चौकट गाळतो आणि पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात, परीक्षकाच्या मात्र लक्षात येत नाही, किंवा किल्लीवर सावली पडलेली असते. उत्तरपत्रिका अजून जपून ठेवल्या असतील तर सलग चुकांची रांग शोधा. सहा-सात सलग चुका दिसल्या की तो वेगाचा प्रश्न नसून सरकण्याचा असतो.

एमएसमध्ये चाचणी तोंडीच घ्यायची, कारण हाताचा थरथराट किंवा कमजोरी लेखी गुणांत घुसते. पण तोंडी घेतली म्हणून सगळं निस्तरत नाही. ऑप्टिक न्यूरायटिसनंतर (डोळ्याच्या नसेचा दाह) कमी झालेली नजर, निस्टॅग्मस (डोळे आपोआप हलणं), इंटरन्यूक्लिअर ऑफ्थॅल्मोप्लेजिया (दोन्ही डोळे एकत्र न वळणं) असेल तर किल्लीकडून ओळीकडे आणि परत नजर टाकायलाच वेळ जातो. डिसार्थ्रिया (बोलण्यात अडखळ) असेल तर अंक उच्चारायला वेळ जातो. जवळची नजर आणि बोलण्याचा वेग या दोन्हींची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल तर निदान कोणाला ऑप्टिक न्यूरायटिस होऊन गेलाय ते फाइलमधून काढा.

औषधांची यादी नक्की तपासा. लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिनसारखी अँटिकोलिनर्जिक औषधं स्मरणशक्तीच्या मुळावर येतात. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, क्लोनाझेपामने वेग मंदावतो. रिलॅप्स किंवा स्टेरॉइडच्या डोसनंतर लगेच घेतलेली चाचणी आणि स्थिर अवस्थेतली चाचणी एकाच रकान्यात घालू नका. मधे किमान महिना-दीड महिना तरी जाऊ द्यावा. आणि एसडीएमटी स्कॅनच्या आधी घेतली की नंतर? पाऊण तास त्या खडखडाटात पडून आलेल्या रुग्णाला लगेच वेगाची चाचणी दिली तर तुम्ही थकवा मोजताय.

नैराश्य आणि थकव्यासाठी अनुक्रमे एचएडीएस आणि एमएफआयएस या प्रश्नावल्या भरलेल्या असतील तर उत्तम. एमएफआयएस २१ प्रश्नांची, ० ते ८४ गुण. ३८ आणि त्यावर लक्षणीय थकवा धरायची रीत आहे. 'मला काही लक्षात राहत नाही' ही रुग्णाची तक्रार चाचणीच्या गुणांपेक्षा नैराश्याशी जास्त जुळते, म्हणून तक्रारीला बोधनिक घट समजू नका. आणि तक्रार नाही म्हणजे घट नाही, असंही नाही.

शेवटचं: एसडीएमटी प्रामुख्याने माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग पकडते. स्मृतीबद्दल बोलायचं असेल तर पुढच्या वेळी बायकॅम्स (एमएससाठीचा छोटा चाचणीसंच) घ्या. एसडीएमटी, सीव्हीएलटी-२ (शब्दांच्या स्मृतीची चाचणी) च्या पहिल्या पाच फेऱ्या आणि बीव्हीएमटी-आरच्या (आकृत्यांच्या स्मृतीची) तीन; सगळं मिळून सुमारे १५ मिनिटं. सीव्हीएलटीत चार प्रकारचे चार-चार असे १६ शब्द असतात. ते दुसऱ्या भाषेत नेताना नुसतं भाषांतर करून भागत नाही: शब्दाची लांबी, तो रोजच्या बोलण्यात किती येतो आणि त्या प्रकारातला तो पहिलाच सुचणारा शब्द आहे का, हे सगळं जुळवावं लागतं. नाहीतर नॉर्म्स (निरोगी लोकांच्या गुणांचे तक्ते) लावण्यात अर्थ नाही.

पी_व्हॅल्यूचा_शत्रू

साठ रुग्णांवर उणे ०.२ म्हणजे ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण उणे ०.४३ ते अधिक ०.०६. म्हणजे 'मध्यम संबंध आहे' आणि 'संबंधच नाही', दोन्ही तुमच्या डेटाला मान्य आहे. ०.३ चा संबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला ८५ च्या आसपास रुग्ण लागतात, ०.२ ला १९० च्या वर.

लिजन व्हॉल्यूम उजवीकडे लांब शेपटीचं असतं. लॉग घ्या किंवा स्पिअरमन (क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध) वापरा. शेपटीतले दोन-तीन रुग्ण नेहमीच्या पिअरसन सहसंबंधाला हवं तिकडे ओढतात. आलेख काढा आणि रिलॅप्सिंग व प्रोग्रेसिव्ह वेगळ्या रंगात दाखवा. अख्खा उतार फक्त दोन गटांमधल्या फरकामुळेच आलेला असू शकतो.

एसडीएमटी वय-शिक्षणाच्या नॉर्म्सवरून झेड स्कोअरमध्ये बदलली असेल तर मॉडेलमध्ये पुन्हा वय-शिक्षण घालून दुहेरी वजाबाकी करू नका. कच्चे गुण ठेवा आणि वय, लिंग, शिक्षण मॉडेलमध्ये घाला, हे मला जास्त साफ वाटतं. थॅलॅमस, तिसरं व्हेंट्रिकल आणि लिजन व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले असतात. तिन्ही एकदम घातले की प्रत्येकाची चूक-मर्यादा फुगते आणि कोणाचंच काही उरत नाही. थॅलॅमस हा मुख्य आकडा असं विश्लेषणाआधीच लिहून ठेवा. फ्रीसर्फरच्या सगळ्या भागांवर जाळं टाकून जे वर येईल ते छापणं म्हणजे मासेमारी.

टेस्ला_तीन

डीटीआयचं राहिलं होतं. उलट दिशेचा बी-शून्य (डिफ्युजनचा भार न लावता घेतलेली प्रतिमा) नसल्याने विकृती दुरुस्त करणारा टॉपअप हा प्रोग्रॅम नेहमीसारखा चालणार नाही. फील्डमॅप (चुंबकीय क्षेत्रातल्या असमानतेचा नकाशा) घेतला होता का ते आधी पाहा. बऱ्याचदा कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. नसेल तर सिनबी-शून्य-डिस्को हे सॉफ्टवेअर वापरून टी-१ वरून विकृती नसलेला कृत्रिम बी-शून्य तयार करता येतो आणि तो टॉपअपला देता येतो. मग एडी (हालचाल आणि उरलेली विकृती दुरुस्त करणारा प्रोग्रॅम), आउटलायर बदलण्याचा पर्याय चालू ठेवून, आणि डोक्याच्या हालचालीनुसार फिरवलेल्या मोजमापाच्या दिशा, म्हणजे बी-व्हेक्टरच, पुढे वापरायचे. डोकं जास्त हललेल्यांची हालचाल मॉडेलमध्ये कोव्हेरिएट (परिणाम वेगळा काढायचा घटक) म्हणून ठेवा, कारण जास्त बाधित रुग्णच जास्त हलतात.

एफएचा (पाण्याची हालचाल किती एकाच दिशेने होते त्याचा आकडा) अख्ख्या मेंदूचा सरासरी आकडा काढून काही साधत नाही. लिजन मास्क एक-दोन व्हॉक्सेलने फुगवून वगळा आणि उरलेल्या, म्हणजे वरवर निरोगी दिसणाऱ्या व्हाइट मॅटरमध्ये कॉर्पस कॅलोसम, सिंग्युलम आणि थॅलॅमिक रेडिएशन बघा. एमडी (पाण्याच्या हालचालीची सरासरी) आणि रेडियल डिफ्युजिव्हिटी (तंतूच्या आडव्या दिशेची हालचाल) सोबत द्या. तंतू एकमेकांना छेदतात तिथे एफएवरून 'मायलिन कमी झालं' असं म्हणू नका. ३२ दिशा आणि एकच बी-मूल्य यातून ते कळत नाही.

ओपीडी_दुपार

धागा संशोधनाचा आहे, तरी व्यवहारातला एक प्रश्न. रुग्ण म्हणतो कामाच्या ठिकाणी वेग पडलाय, एमआरआय रिपोर्ट म्हणतो 'नवीन लिजन नाही, स्थिर'. अशा वेळी काय करायचं? रिपोर्टमध्ये मेंदूच्या आकुंचनाचा टक्का मागावा का?

कागदपेन्सिल

'नवीन लिजन नाही' या वाक्याचा कॉग्निशनशी थेट संबंध नाही. सुरुवातीची एसडीएमटी हाताशी असेल तर तिच्याशी ताडून बघा: ४ गुणांची किंवा साधारण १० टक्क्यांची घसरण दखल घेण्याजोगी मानतात. वर्षातून एकदा एसडीएमटी घ्यावी अशी २०१८ च्या शिफारशींतही आहे. दर वेळी पर्यायी फॉर्म वापरा. तोच कागद पुन्हा दिला तर सरावाने गुण चढतात आणि खरी घट झाकली जाते. जुनी नोंद नसेल तर आजची चाचणी हीच सुरुवात. एकट्या आकड्यावरून 'घट झाली' असं लिहू नका, विशेषतः उच्चशिक्षित रुग्णात. तो सरासरीवर असूनही स्वतःच्या पूर्वीच्या पातळीखाली आलेला असू शकतो.

झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ आणि औषधांची यादी आधी. डोनेपेझिलवर भिस्त ठेवू नका. सुरुवातीच्या लहान चाचणीत आशा दिसली होती, २०११ च्या मोठ्या बहुकेंद्री चाचणीत फायदा दिसला नाही. स्मृतीसाठी मॉडिफाइड स्टोरी मेमरी टेक्निक आहे, १० सत्रांची: आधी शब्दांचं मनात चित्र उभं करायला आणि मग त्यांची गोष्ट गुंफायला शिकवतात. तिला नियंत्रित चाचण्यांचा आधार आहे.

एक अपवाद मात्र कधीच विसरू नका. रुग्ण नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधावर असेल आणि काही आठवड्यांत स्वभाव, बोलणं किंवा विचार बदलला असेल तर वार्षिक स्कॅनची वाट पाहायची नाही. पीएमएल (जेसी व्हायरसमुळे होणारा मेंदूचा गंभीर संसर्ग) नाही याची आधी खात्री: तातडीने एमआरआय, गरजेप्रमाणे सीएसएफमध्ये जेसी व्हायरस, आणि तोवर पुढचा डोस थांबवलेला.

टेस्ला_तीन

आकुंचनाच्या टक्क्याबद्दल: मागू नका, निदान एका वर्षाच्या फरकावरून तरी. वर्षाला ०.४ टक्क्यांहून जास्त घट ही रोगजन्य समजायची मर्यादा सुचवलेली आहे, आणि दोन स्कॅनमधून आकुंचन मोजणाऱ्या सिएनासारख्या चांगल्या पद्धतीची स्वतःची चूकच ०.२ टक्क्यांच्या घरात जाते. त्यात रुग्ण नीट पाणी न पिता आला, स्टेरॉइड नुकतंच झालं, मशीनचं सॉफ्टवेअर बदललं, कॉइल बदलली, की आकडा इकडचा तिकडे. नवीन दाहविरोधी औषध सुरू केल्यावर पहिले सहा महिने ते वर्षभर सूज उतरल्याने मेंदू आक्रसल्यासारखा दिसतो, ते स्यूडोअ‍ॅट्रोफी. आधारस्कॅन औषध सुरू होण्याआधीचा न धरता सहा महिन्यांनंतरचा धरा. गटाच्या सरासरीत हे सगळं विरून जातं, एकट्या रुग्णात नाही.

निरीक्षा_७

खूप उपयोग झाला. मास्क दुरुस्त करून फिलिंगपासून सुरुवात करते, फील्डमॅपही शोधते. एकच शंका: थॅलॅमसचं व्हॉल्यूम डोक्याच्या आकाराने भागायचं की रेसिड्युअल पद्धत (डोक्याच्या आकारावरून अपेक्षित व्हॉल्यूम वजा करणं)? फ्रीसर्फरचा ईटीआयव्ही (कवटीच्या आतल्या जागेचा अंदाज) तयार आहे. निरोगी गट लहान आहे. रेस्टिंग स्टेट एफएमआरआयही (निवांत पडलेल्या मेंदूच्या भागांमधली जोडणी दाखवणारा स्कॅन) काहींचा आहे, तो घ्यावा का?

पी_व्हॅल्यूचा_शत्रू

नुसतं भागल्यावर मोठ्या डोक्यांना उगीच दंड बसतो, कारण थॅलॅमस डोक्याच्या प्रमाणात अगदी सरळ वाढत नाही. रेसिड्युअलचा उतार निरोगी गटातून काढतात. तो गट लहान असेल तर उतारच डगमगता येईल. तुमच्यासाठी सोपं उत्तर: कच्चं व्हॉल्यूम ठेवा आणि ईटीआयव्ही मॉडेलमध्ये कोव्हेरिएट म्हणून घाला. त्याआधी ईटीआयव्हीचे टोकाचे आकडे तपासा. तो अ‍ॅटलासवर डोकं किती ताणून बसवावं लागलं त्यावरून काढलेला अंदाज आहे, आणि रजिस्ट्रेशन फसलं की काहीच्या काही येतो.

रेस्टिंग स्टेट सोडा. एमएसमध्ये जोडणी कुठे वाढलेली सापडते, कुठे घटलेली, आणि दोन्ही बाजूंना 'नुकसान' किंवा 'भरपाई' असं नाव देता येतं. काहीच रुग्णांचा डेटा असताना तर नकोच.

टेस्ला_तीन

ईटीआयव्हीबाबत सहमत. फक्त तो मूळ टी-१ वरचा घेतलात की फिलिंग केलेल्या टी-१ वरचा, हे सगळ्या रुग्णांसाठी एकसारखं ठेवा, आणि फ्रीसर्फरची आवृत्ती मधेच बदलू नका.